रोज संध्याकाळी वॉटफर्ड

प्रवासवर्णन हौसेनं लिहावं अशी रीत आहे. माझी हौस चौदा दिवसांपैकी नवव्या दिवशी संपली. त्यामुळे आधीचं बरं लिहिलं जाईल, पुढचं जसं येईल तसं वाचा.

वॉटफर्ड जंक्शनच्या फलाटावर आनंदनं माझ्या हातात पास ठेवला. आनंद माझा एकुलता एक मुलगा, तेरा वर्षं इथे नोकरीला आहे. "बाबा, फोर्टीन डेज, अनलिमिटेड. स्कॉटलंड, वेल्स, कुठेही जा. कोणी अडवणार नाही." भुसावळला मालगाडीचा गार्ड म्हणून माझी उभी हयात गेली. रेल्वेच्या माणसाला पासाइतकं काही गोड लागत नाही, आणि हे लेकाच्या लक्षात राहिलं म्हणून माझे डोळे भरून आले.

"फक्त रोज परत यायची दगदग नका करू," तो म्हणाला. "रात्री तिकडेच राहा, मी हॉटेल बुक करतो."

"मी तुझं घर बघायला आलोय, हॉटेलं बघायला नाही."

खरंच त्यासाठीच आलो होतो. लेकाचं घर बघायचं, लेकाचं घर बघायचं, असं म्हणता म्हणता सुशीला, म्हणजे माझी बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तिचा फोटो मी तिच्याच सुती साडीत गुंडाळून आणला आणि आल्या दिवशीच बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला. खिळा आनंदनं ठोकला. "छान दिसतायत आई," सून मेघना म्हणाली. मला वाटलं, चला, पोचली बिचारी.

पहिल्या दिवशी साउथहॅम्प्टन. लोक तिथे मोठाल्या बोटी बघायला जातात. मी फलाटावर बसून मालगाड्या बघितल्या. बंदरातून कंटेनर लादून एक गाडी निघाली. सवयीनं डबे मोजले, शेवटच्या डब्याकडे हात वर करायला उठलो, तर तिथे गार्डच नव्हता. नुसता लाल दिवा लुकलुकत गेला. इथे मालगाडीला माणूस लागत नाही म्हणे. उगाच मन खट्टू झालं.

तिसऱ्या दिवशी वेल्समधलं अ‍ॅबरिस्टविथ. शेवटचा अर्धा तास रूळ खाडीच्या काठाकाठानं जातो, ओहोटीच्या चिखलात बगळे उभे असतात, आणि पाऊस असा बारीक की पडतोय की नाही ते चष्म्यावरूनच कळावं. मी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी काढली तर समोरच्या बाईंनी नाक मुरडलं नाही, उलट चव मागितली आणि मग दोन स्टेशनं पाणी पीत बसल्या. पोचल्यावर समुद्राकाठी एक चहा घेतला आणि त्याच गाडीनं उलटा फिरलो. जातायेता गार्ड एकच होती, पन्नाशीची बाई.

"एका चहासाठी एवढे लांब आलात?" ती म्हणाली. तिचं इंग्रजी मला दुसऱ्यांदा कळलं.

"जेवायला घरी पोचायचंय. मुलगा, सून, नात वाट बघतात." मीही गार्ड होतो हे सांगितल्यावर ती समोरच्या सीटवर टेकली.

"नशीबवान आहात," ती म्हणाली. "माझ्या घरी मांजरसुद्धा झोपलेलं असतं."

मी ऐटीत हसलो. ते हसू आठवलं की आजही मान खाली जाते.

संध्याकाळी दार उघडायला नात, तारा. अकरा वर्षांची, जन्म इथलाच. "आजोबा, आज किती ट्रेन झाला?" मी खिशातली डायरी काढायचो, कुठली गाडी किती मिनिटं लेट ते तिला वाचून दाखवायचो. मग सुशीलाचा फोटो सरळ करायचो. तो रोज वाकडा झालेला असे. घरामागूनच रेल्वे जाते. भुसावळला आमच्या घरीही मालगाडी गेली की भिंतीवरचं सगळं तिरकं होतं. इथेही तसंच, असं मी धरून चाललो. आयुष्य रुळांजवळ काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

नवव्या दिवशी कार्लाइलला निघालो होतो. अर्ध्या तासात गाडी थांबली. पुढे कुठेतरी वरची वायर तुटली होती. दीड तास ताटकळून परतीची गाडी धरली आणि भर दुपारी वॉटफर्डला परत.

घराच्या दारात एक सूट घातलेला तरुण फाइल घेऊन उभा होता. "दीड वाजताचं व्ह्यूइंग (विकाऊ घर बघायची वेळ) तुमचंच ना, सर?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, मला अजून सांगता येत नाही.

त्यानं मला माझ्या मुलाचं घर दाखवलं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर नुसता खिळा होता. "कुटुंब चांगलं आहे," तो आवाज उतरवून म्हणाला, "पण दोघं वेगळे होतायत. त्यांना लवकर विकायचंय, म्हणजे तुमच्या फायद्याचं." वरची लहान खोली उघडली. "इथे सध्या वडील राहतात. दिवसभर बाहेरच असतात, तुम्हाला अडचण नाही. पुढच्या महिन्यात परत जातील." मग सामान ठेवायला जागा किती आहे ते दाखवायला त्यानं कपाट उघडलं. माझ्या स्वेटरवर सुशीला पालथी पडली होती.

मी गिऱ्हाइकासारखा एकच प्रश्न विचारला. "मागून ट्रेन जाते. घर हलतं का?"

"अजिबात नाही, सर. भिंतीला टेकून उभे राहा, काही जाणवणार नाही."

संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसलो. रागही धड येईना. नेहमीच्या वेळेला घरी गेलो, तर फोटो भिंतीवर, वाकडा.

"आज कुठपर्यंत, बाबा?" आनंदनं विचारलं.

"कार्लाइल."

"छान आहे ना?"

"छान आहे."

मेघनानं वरण वाढलं. तारा कुणाकडेच न बघता जेवत होती. तिला सगळं ठाऊक होतं हे त्या दिवशी मला दिसलं. त्या टेबलावर खोटं न बोलणारं ते एकटं पोर.

उरलेले पाच दिवस मी मिळेल त्या गाडीत बसत होतो. पेन्झन्सला गेलो. यॉर्कला गेलो. उंच कमानींचा एक प्रसिद्ध पूल आहे, त्यावरूनही गेलो म्हणे. वाचकहो, मला त्यातलं काही विचारू नका. खिडकीत बघितलं ते फक्त काचेतलं माझं तोंड. डायरीची पानं कोरी आहेत. जन्मात पहिल्यांदा गाडी लेट झाली तर बरं असं वाटत होतं, आणि मेल्या सगळ्या वेळेवर धावत होत्या.

चौदाव्या दिवशी पास संपला. घरी आलो. फोटो वाकडा होता. सरळ करायच्या ऐवजी तो मी खाली काढला आणि साडीत गुंडाळायला बसलो.

"बाबा, का काढलात?"

"उद्यापासून मी दिवसभर घरीच आहे. रोज काढा, रोज लावा, तुम्हाला त्रास."

आनंद जिन्याच्या पायरीवर बसला. "तुम्ही खूश होऊन परत जावं, एवढंच वाटत होतं हो बाबा," म्हणाला आणि तोंड झाकून रडायला लागला. मेघना दारातच थांबली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला द्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

भुसावळला येऊन महिना झाला. सुशीला जुन्या जागी आहे. गाडी गेली की तिरकी होते, मी उठून सरळ करतो. शेजारचे पाटील अजून विचारतात, "इंग्लंडचं राहू द्या हो, मुलाचं घर कसं आहे?"

"मजबूत आहे," मी सांगतो. "मागून ट्रेन गेली तरी भिंत हलत नाही."