राखणीचा मका

मका थंडीत लावू नये हे मला माहीत होतं. तरी मी तो मार्गशीर्षात लावला, कारण आईला घरात ठेवायचं होतं आणि पावसापर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

आमचं घर खरवईत, बदलापूरच्या कडेला. आमच्या शेतावर इमारत झाली, त्यात तळमजल्याचा फ्लॅट आणि मागची मातीची एक पट्टी आमच्याकडे राहिली. आई याच जमिनीत आयुष्यभर राबली. पावसात भात, भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल, बांधाला मका. आता तिला यातलं बरंचसं आठवतं आणि कालचं काही आठवत नाही. आधी ती गॅस विसरली, मग औषधं, मग माणसं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आई माझ्याकडे हे न बोलता ठरलेलं होतं. अंबरनाथच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळायचे. आईला एकटं सोडता येईना तेव्हा नोकरी सोडली आणि घराचंच स्टोअर केलं. गोळ्यांचे खण सकाळ-संध्याकाळचे वेगळे, कपड्यांच्या कप्प्यांवर चित्रं, बाथरूमच्या दारावर मोठा बाण.

आईचं बाहेर जाणं मात्र कशात बसेना. दुपार कलली की ती काठी घेऊन निघायची.

"कुठं गं आई?"

"मक्याला राखण नको? पोपट खातील सगळा."

दार लावलं तर दारावर थापा मारायची, रडायची. एकदा मी वरच्या गच्चीत कपडे काढायला गेले तेवढ्यात ती गेली. शेअर रिक्षाच्या स्टँडवर सापडली, अनवाणी. रांगेतल्या लोकांना हुसकावत होती, हाऽट हाऽट करत. पोरं हसत होती. तिला रिक्षात बसवताना तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही भल्या भेटलात."

तोपर्यंत मी तिला तिची मुलगी वाटायचे, निदान सकाळी तरी. त्या दिवसापासून मी बाई झाले.

धाकटा भाऊ अंबरनाथला राहतो. तो रविवारी आला आणि त्याने गेटकडे बोट दाखवलं. "ताई, कुलूप लाव. सिंपल आहे."

"ती दिवसभर गज धरून उभी राहील."

"मग बदलापुरात ते वृद्धांचं केंद्र झालंय, तिथे बघू या. माझ्या ओळखीतली एक आजी आहे तिथे, छान आहे." मग माझा चेहरा बघून त्याने थट्टेवर नेलं, "का, आईची पण एन्ट्री केलीयेस रजिस्टरला? आउट करता येत नाही?"

मी त्याला चहा दिला. उन्हाळ्यापर्यंत बघते म्हटलं. उन्हाळ्यात ती पुन्हा रस्त्यावर गेली तर केंद्रात ठेवायचं, हे आमचं ठरलं. तिला राखायला मका हवा होता. तो घरामागेच असला तर ती कुठे जाईल? मला एवढाच उपाय सुचला आणि तो मला पटला.

बी घ्यायला उल्हासनगरला गेले, तीन नंबर कॅम्पात. जीन्सच्या ढिगांमधून वाट काढत गेलं की बियाणांचं एक जुनं सिंधी दुकान आहे. आईला चारच दात उरलेत, म्हणून मला मऊ दाण्याचा स्वीट कॉर्न हवा होता. दुकानदाराने पाकीट काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"दीदी, ये नखरेवाला है. ठंडी में सड़ जाएगा. गावठी ले जाओ."

"दात नहीं है माँ को."

"तो फरवरी में आओ ना!"

मी पाकीट ओढून घेतलं.

त्याचं बरोबर होतं. गावठी मक्याचा दाणा टणक, भरलेला असतो. स्वीट कॉर्नचं बी वाळलं की सुरकुततं, त्यात पिठाचा साठा कमी, त्यामुळे थंड मातीत ते उगवायला वेळ लावतं आणि उगवायच्या आधी कुजतं. बदलापूरची थंडी मुंबईकर बातम्यांत वाचतात. आमच्या मागच्या पट्टीवर इमारतीची सावली दुपारपर्यंत हलत नाही, आणि सकाळी उल्हास नदीकडून धुकं येतं ते आधी तिथेच बसतं. मी माती भुसभुशीत केली, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल बी टाकलं, पाणी बेताने दिलं. काही आलं नाही. शेवटी उकरून पाहिलं तर दाणे लिबलिबीत झाले होते, आंबूस वास येत होता.

आई तोवर शेजारी खुर्चीवर बसायची आणि उघड्या मातीकडे बघून म्हणायची, "यात काय राखायचं, बाई?" आणि काठी घेऊन गेटकडे जायची.

मी पुन्हा उल्हासनगर गाठलं. दुकानदाराने नुसतं हसून पाकीट दिलं. ते हसणं मी पिशवीत घालून आणलं. या वेळी रीत बदलली. बी घरात, उबेत रुजवायचं. मक्याच्या मुळाला हलवलेलं आवडत नाही, म्हणून कागदी पेले आणायचे, माती भरून ठेवायचे, रोप झालं की तळ फाडून पेल्यासकट जमिनीत बसवायचे. पेल्यात जाण्यापूर्वी बी आधी ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे. फ्रिजच्या मागच्या बाजूला कोमट असतं, तिथे गाठोडं ठेवलं. आपल्याकडे वालाला मोड आणतात तसंच.

तिथेच चुकलं.

गोळ्या संपल्या होत्या म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आले. घरात शिरले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसलेली. मांडीत माझं फडकं, पुढ्यात ताट. ती बिरडं सोलत होती. आमच्या घरात दर श्रावणात आणि दर पाहुण्याला तिनेच सोललेलं बिरडं असायचं. भिजलेला वाल चिमटीत धरायचा, दाबायचा, डाळिंबी टपकन ताटात. तिला आता डोक्यावरून पदर घ्यायचा आठवत नाही, पण चिमूट आठवते. मक्याची साल काही तशी निघत नाही. म्हणून तिने एकेक दाणा नखाने खरवडला होता. मोड गळून एका बाजूला पडले होते. सालींचा ढीग निराळा. ताटात तुटके पिवळे दाणे, नीटनेटके.

पाकिटातलं बी बुरशीचं विषारी औषध लावून येतं, गुलाबी. तिची बोटं गुलाबी झाली होती. मी तिचं तोंड उघडून बघितलं, जीभ बघितली. काही खाल्लं नव्हतं. साबणाने तिचे हात दोनदा धुतले. ती हात सोडवून घेत म्हणाली, "अहो बाई, ताट झाका आधी. माझी लेक यायचीय कंपनीतून. तिला बिरडं आवडतं. भूक घेऊन येते ती."

मी ताट झाकलं. तिची पाठ वळल्यावर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकून दिलं. मग वाल आणले, रात्रभर भिजवले, मोड आणले, सोलले, आणि नारळ-कोकम घालून बिरडं केलं. तिच्यापुढे ताट वाढलं.

"ती आल्याशिवाय मी जेवत नाही," आई म्हणाली.

मी समोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कंपनीत जायचा पंजाबी ड्रेस काढला. ओढणीला पिन लावली. डब्याची पिशवी घेतली. शेजारणीला पाच मिनिटं आईजवळ बसवून मागच्या दाराने बाहेर पडले आणि कंपनीतून यायचे त्या वेळेला गेटमधून आत आले. गेटची कडी मी पूर्वी वाजवायचे तशी वाजवली. आईने मान वर केली. तिचा चेहरा उजळला, हे मी शपथेवर सांगेन.

"आलात?" ती म्हणाली आणि माझ्यामागे, गेटकडे बघत राहिली. "आणि ती? तुमच्याबरोबर नाही सुटली का?"

"ओव्हरटाइम आहे तिला," मी म्हटलं.

"असू दे, असू दे. काम आहे."

तो ड्रेस मी पुन्हा घातला नाही.

पाकिटात उरलेलं बी मी फडक्यात न बांधता सरळ पेल्यांत पेरलं आणि पेले माळ्यावर, आईच्या हाताबाहेर ठेवले. मोड आणायची गरजच नव्हती. रात्रभर पाणी पाजलं असतं तरी पुरलं असतं. घरातली ऊब त्यांना मानवली. हिरवी नळी आली, तिची दोन पानं झाली. दुपारी उन्हात, संध्याकाळी आत, असे पेले मी ने-आण केले, म्हणजे त्यांना थंडीची सवय होईल. संक्रांत उलटून माती हाताला कोमट लागायला लागली तेव्हा जमिनीत लावले. ओळीत नाही, चौकोनात. मक्याचं परागण वारा करतो. एकाच ओळीत लावला तर कणसं बोडकी राहतात.

मका उभा राहिला. आणि माझा उपाय लागू पडला. आई मका गुडघ्याएवढा झाल्यापासून गेटकडे वळलीच नाही. सकाळी खुर्ची, काठी आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन ती पट्टीवर बसायची. पोपट आले की डबा वाजवायची. वरच्या मजल्यावरून कोणी ओरडलं की खाली बसूनच शिव्या द्यायची, अस्सल खरवईच्या. भाऊ आला, बराच वेळ खिडकीतून बघत राहिला. "ताई, मानलं," म्हणाला. केंद्राचं नाव पुन्हा काढलं नाही.

तुरे आले, कणसं धरली, केस पिंगट झाले. स्वीट कॉर्नचं एक असतं: दाण्याला नख मारलं आणि दूध उडालं की त्याच आठवड्यात तोडायचा. उशीर केला की साखरेचं पीठ होतं. मी पट्टीत गेले आणि एका कणसाची साल सोलायला हात घातला. मनगटावर काठी बसली.

"हात नका लावू!" आई उभी होती, काठी पुन्हा उगारून. "मी काय झोपलीये? दिसायला चांगल्या घरच्या दिसता आणि चोऱ्या करता?"

"आई, कवळा आहे तोवर काढायला हवा. तुझ्यासाठीच..."

"माझ्या लेकीचा आहे तो. ती आली की ती काढेल."

मी मनगट चोळत मागे सरले. ती मका राखत होती. तो राखायला मीच तिला दिला होता.

पुढच्या आठवड्यात मी कणसांना पुन्हा हात लावला नाही. साल कोरडी पडली. दाणे पिवळे होते ते केशरी झाले, मग आत ओढले गेले, पाकिटातल्या बियांसारखे सुरकुतले. पानं वाऱ्यावर वाजायला लागली. आता आईच्या चार दातांना ते चावणार नव्हतं. मी पाणी बंद केलं.

चैत्रात एका संध्याकाळी ती स्वतः उठली आणि एक कणीस मोडून घेतलं. साल मागे ओढली, तिची वेणी घातली आणि कणीस माझ्या हातात दिलं.

"हे चुलीवर टांगा, बाई. बियाणाला. पुढच्या साली लागेल तिला." मग माझ्याकडे नीट बघत, "ती आली की सांगाल ना, आईने ठेवलंय म्हणून?"

गॅसच्या वर, एक्झॉस्ट फॅनच्या शेजारी खिळा आहे. तिथे ते टांगलं. हायब्रीडचं बी, पुन्हा पेरलं तर आईसारखं निघेलच असं नाही, पण ते तिला सांगून काय करायचं.

"सांगते," म्हटलं.