दोन इंच वर

मी भूशास्त्र शिकवते. म्हणजे वर्षातला बराच काळ वर्गात खडकांची चित्रं दाखवते आणि उरलेल्या दिवसांत विद्यार्थ्यांना शिवालिकच्या पायथ्याशी नेऊन खरे खडक दाखवते. तिथल्या ओढ्यांना इकडे 'चो' म्हणतात. पावसाळा सोडला तर त्यांत पाण्याचा थेंब नसतो, नुसते गोटे आणि वाळू. अशा ठिकाणी साधी गाडी नेली की ती पहिल्या वळणावरच पोट टेकते. म्हणून मी एक जुनी पिकअप घेतली. पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे हौदा. हातोडे, नमुन्यांच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, सगळं मावायचं.

पहिल्याच सहलीत एका गोट्याने गाडीच्या पोटाखालचा पत्रा असा खरवडला की मागे बसलेली एक विद्यार्थिनी "सॉरी मॅम" म्हणाली, जणू तिनेच काही केलं होतं. घरी आल्यावर मी खाली वाकून मापं घेतली. गाडी दोन इंच वर उचलली तर काम होणार होतं. त्याहून जास्त उचलली तर वळणावर हेलकावणार होती.

हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आमच्या वडिलांचा सांगलीत टेम्पो होता. हळदीची पोती वाहून त्याचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बसले की रविवारी वडील गाडीखाली शिरायचे आणि मी बाहेर उकिडवी बसून पाने द्यायची. "चौदाचा दे, सतराचा दे." पाटे, शॉकअप, यू-बोल्ट हे शब्द मला बाराखडीबरोबर आले.

नवऱ्याचं असं काही झालं नव्हतं. तो अकोल्याचा, बँकेत अधिकारी, बदलीवर चंदीगडला आलेला. गाडीतलं आपल्याला हॉर्न कुठे असतो तेवढं कळतं, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटायचा नाही. हा त्याचा गुण मला फार आवडायचा. तो गुण पुढे महिनाभर रजेवर गेला, त्याची ही हकीकत.

गाडी उचलायचं सामान मी ऑनलाइन मागवलं. पुढच्या स्प्रिंगांवर बसवायच्या चकत्या, मागच्या पाट्यांत घालायला प्रत्येकी एक जादा पाटा, लांब यू-बोल्ट, नवे शॉकअप. चौकशी करून मोहालीच्या औद्योगिक भागातलं एक वर्कशॉप शोधलं. शनिवारी आम्ही दोघं गेलो. नवरा का आला? त्याला सुट्टी होती आणि वाटेत छोले-भटुरे मिळतात म्हणून.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले सरदारजी होते. पांढरी दाढी, नीट बांधलेली पगडी, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. मी त्यांना सामानाचा खोका उघडून दाखवला, काय कुठे बसवायचं ते सांगितलं. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "सर, कितनी उठानी है?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"दो इंच," मी म्हणाले.

"सर, दो?"

"हां जी, दो," नवरा म्हणाला.

तेव्हा कुठे मिस्त्रींनी वहीत 'दो' लिहिलं.

पुढचा अर्धा तास हेच चाललं. प्रश्न त्याला, उत्तर मी द्यायची, तो त्याची री ओढायचा, मग ते वहीत जायचं. आमच्यात दुभाष्या बसलेला होता, फक्त दोन्हीकडची भाषा एकच होती. मिस्त्री उद्धट होते असं मात्र मुळीच नाही. मला खुर्ची दिली, ती फडक्याने पुसून दिली, चहा पहिला मला दिला. फक्त गाडीचं बोलणं खुर्चीवर बसलेल्या माणसाशी करायचं नसतं, अशी त्यांची समजूत असावी. निघताना मी माझा नंबर लिहून दिला. त्यांनी तो खिशात ठेवला आणि नवऱ्याचा वहीत उतरवून घेतला.

सोमवारी मी वर्गात असताना त्यांचा फोन नवऱ्याला गेला. नवरा बँकेत एका चिडलेल्या ग्राहकासमोर बसला होता.

"सर जी, पीछे चार कर दें?"

नवऱ्याला वाटलं, गाडी चार वाजता तयार करतायत. "हां हां, चार कर दो," तो म्हणाला आणि वर, "कोई जल्दी नहीं," हेही म्हणाला.

चार वाजता त्याने मला फोनवर अभिमानाने सांगितलं, "मी त्यांना चारची वेळ दिलीय." गाडी तयार झाली संध्याकाळी सहाला. माझी मीटिंग होती, म्हणून ती तोच घेऊन आला.

आम्ही सेक्टर २२ मध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक, ज्यांना सगळा गल्ली-मोहल्ला अंकल म्हणतो. मी घरी पोचले तेव्हा अंकल पिकअपपाशी उभे राहून फोटो काढून घेत होते. एक हात बॉनेटवर, एक कमरेवर. आमची मुलगी फोटो काढत होती.

"अब बनी न बात!" अंकल म्हणाले. "पहले तो सब्ज़ी वाली गाड़ी लगती थी."

आता चंदीगडचे रस्ते कसे, तर पट्टीने आखलेले, चौकाचौकात गोल बाग, खड्डा शोधायला वर्तमानपत्र वाचावं लागतं. आणि याच रस्त्यांवर डोंगर चढायच्या तयारीच्या उंच गाड्या दूध आणायला निघतात. त्यामुळे अंकलच्या आनंदाचं मला नवल वाटलं नाही. मला नवल वाटलं ते गाडीचं. ती नाक जमिनीकडे आणि ढुंगण आभाळाकडे करून उभी होती. दाणे टिपणारी कोंबडी उभी राहते तशी.

मी टेप आणून मोजलं. पुढे दोन इंच. मागे चार.

"अरे, हे चार कुणी सांगितलं?"

नवरा विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. "मला वाटलं वाजता," तो म्हणाला.

मुलगी हसत हसत जिन्यावर बसली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदी-इंग्रजीतच. "पापा, यू आर टू मच यार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी मध्य मार्गावरून फिरवून आणली. साठच्या वर गेलं की खालून थरथर सुरू व्हायची, पायाला मुंग्या येतील अशी. मागे वाढलेला कोन चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला सोसत नव्हता. पण खरं सांगायचं तर मी लगेच परतले नाही. गोल चौकात थांबल्यावर शेजारच्या महागड्या गाडीचं छप्पर वरून दिसत होतं. त्यावर कबुतराने केलेली घाणही दिसत होती. आत बसलेल्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं. म्हणून आणखी एक फेरी मारली.

शनिवारी आम्ही परत वर्कशॉपमध्ये गेलो. आमचा खोका कोपऱ्यातल्या फळीवर होता, आणि त्यात दोन्ही पाटे तसेच, कागदात गुंडाळलेले. त्यांच्याऐवजी मिस्त्रींनी स्वतःकडचे चार-चार इंची लोखंडी ठोकळे आस आणि पाट्यांच्या मध्ये बसवले होते.

"सर से पूछ के किया," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "लोग तो छह भी कराते हैं."

"गाडी वर घ्या," मी म्हणाले. "जॅक चेसिसला लावा, मागची चाकं लोंबू देत."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जॅककडे बघितलं. मिस्त्रींनी गाडी उचलली, खाली टेकू लावले. मी पर्स नवऱ्याच्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि खाली पुठ्ठा टाकून आत सरकले.

पाठीला पुठ्ठा, नाकात ग्रीसचा वास. कितीतरी वर्षांनी. आणि गंमत म्हणजे लहानपणी मला आत कधीच जाऊ दिलं नव्हतं. मी नेहमी बाहेर, पाने देणारी.

"मिस्त्रीजी, इधर आइए," मी हाक मारली. ते शेजारी सरकले. मी ब्रेकच्या रबरी नळीवर बोट ठेवलं. चेसिसपासून आसापर्यंत ती तारेसारखी ताणलेली होती. बोटाने छेडली तर वाजली असती. "मागे तीस किलोचे दगड, पुढे चार पोरं. एका खड्ड्यात चाक खाली गेलं आणि ही निसटली, तर मी थांबणार कशी?" हे मी हिंदीत विचारलं, पण भीती मराठीतलीच होती.

मिस्त्रींनी ती स्वतः चाचपली. "गलती है," ते म्हणाले. "ये तो मेरी ही गलती है." आवाज अगदी खालचा. त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथेच निम्मा झाला.

मग त्यांनी ठोकळे काढले, पाट्यांचा जुडगा सोडवला, आमचा जादा पाटा आत घातला, लांब यू-बोल्ट आवळले. मी पूर्ण वेळ उभी राहिले. पुढचं अलाइनमेंट करून घेतलं, दिव्यांचा झोत भिंतीवर पाडून नीट केला. यावेळी मिस्त्री प्रत्येक बोल्ट मला दाखवून आवळत होते. काम संपल्यावर त्यांनी हात पुसले, आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, आपने बहुत सही पकड़ा."

"थँक यू जी," नवरा म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तू काय पकडलंस?"

"तुझी पर्स," तो म्हणाला.

इथे हे संपायला हवं होतं. पण घरी अंकल वाट बघत होते. गाडी खाली आलेली बघून त्यांना वाईट वाटलं. नवऱ्याने त्यांना समजावलं की चार इंचाने ब्रेकची नळी ताणते. अंकल थक्क झाले. त्यांनी हे क्लबात सांगितलं. पुढच्या रविवारी अंकलचे दोन मित्र गच्चीवर आले, त्याच्या पुढच्या रविवारी चार. सगळ्यांना आपापल्या गाड्या उचलायच्या होत्या. नवरा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दोन तळहातांनी पाटा कसा वाकतो ते दाखवायचा. उलटा दाखवायचा. मी कपडे वाळत घालताना एकदा म्हटलं, "तो पाटा असा वाकत नाही." तर एक काका प्रेमाने म्हणाले, "भाभीजी, ये टेक्निकल बात है."

नवऱ्याने तेव्हा मान खाली घातली. मग पुन्हा तळहात वाकवले.

पुढच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या सहलीआधी जागा बघून यायची होती. मी त्याला म्हटलं, चल. मुलगीही आली. पिंजोरच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आम्ही एका चोमध्ये उतरलो. गोट्यांवरून गाडी डुलत गेली. प्रत्येक मोठ्या दगडाला मी दात आवळून आवाजाची वाट बघायची. आवाज आला नाही. एकदाही नाही. मी मोठ्याने हसले, तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मा, आर यू ओके?"

सावलीत थांबलो. नवरा खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "एक सांगू? गच्चीवर बोलता बोलता मला खरंच वाटायला लागलं होतं की मला कळतं. त्या दिवशी काकांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बरं वाटत होतं."

मला कबुतरवालं छप्पर आठवलं, म्हणून मी फार ताणलं नाही. "ये खाली," मी म्हटलं.

आम्ही दोघं चादर टाकून गाडीखाली शिरलो. मी त्याला पाटा दाखवला, जादाचा कोणता ते दाखवलं, तो कुठल्या बाजूला वाकतो ते हात धरून दाखवलं. त्याने खरोखर चांगले प्रश्न विचारले. अर्ध्या तासात त्याला शॉकअप आणि शॉकर एकच, हे कळलं.

म्हशी घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला. त्याला चार पाय दिसत होते. खाली वाकून त्याने विचारलं, "सर जी, गाड़ी खराब है?"

"मुझे नहीं पता," नवरा आतूनच म्हणाला. "गाड़ी मैडम की है, मैडम से पूछो."

म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली. "अच्छा," तो म्हणाला. "तो सर, ठीक कब तक होगी?"

मुलगी वर दगडावर बसून धपाटे खात होती. आम्ही बाहेर आलो तोवर तिने सहातले चार संपवले होते.