सोबतीचं तिकीट

माझा डावा पाय अधू आहे, हे खरं आहे. तो रोज सारखाच अधू नसतो, हेही खरं आहे. पहिली गोष्ट मी ज्याला त्याला सांगत आलो. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

फौजेत असताना डोंगरातल्या रस्त्यावर आमची गाडी उलटली आणि माझा खुबा मोडला. पुढं घरी पाठवलं, पेन्शन लागली, तिच्यात अपंगत्वाची भर पडली. माणमधलं आमचं गाव, पाऊस झाला तर बाजरी. त्या पेन्शनवर माझं घर चालायचं आणि थोरल्या भावाच्या घरालाही हातभार लागायचा. सुरुवातीला दर काही वर्षांनी मेडिकल बोर्डापुढं उभं राहावं लागे. डॉक्टर पाय वाकवून बघायचे, चालायला लावायचे, अपंगत्वाचे टक्के लिहायचे. टक्के उतरले की पेन्शन उतरणार, एवढंच मला कळलं होतं. शेवटच्या बोर्डानंतर एक जाड कागद आला. त्यातले टक्के बघितले आणि कागद ट्रंकेत टाकला. खालचा इंग्रजी मजकूर कुणाकडून समजून घेतला नाही. कशाला विचारतोस, असं कुणी म्हणालं असतं तर?

मधल्या काळात पाय बराच सुधारला होता. थंडीत ठणकायचा, कधी सकाळी जमिनीवर टेकवत नसे. पण चांगल्या दिवशी कुबडी ठेवून मी परड्यात चकरा मारायचो. बायकोला हे ठाऊक होतं, आणि दादाला.

उंबऱ्याबाहेर मात्र कुबडी काखेत. एसटीत माझ्यासारख्याला सवलत असते, आणि सोबतीच्या माणसालाही. माझा सोबती कायम दादाच. कंडक्टरनं “सोबतीला कोण?” म्हटलं की तो शाळेत हजेरी दिल्यासारखा हात वर करायचा. मेंढरं आणि रान सोडून त्याचा तेवढाच प्रवास. त्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालायचा.

एका वर्षी साताऱ्याला हयातीचा दाखला देऊन आम्ही स्टँडवर आलो, तर दादा म्हणाला, “चल, पाचगणी बघू.”

“आत्ता? दहिवडीची गाडी चुकंल.”

“चुकू दे की. सायबांची पोरं शिकत्यात ते गाव कसलं असतं, बघू तर गड्या. तुझ्या पायापायी माझीबी चैन.”

पसरणीचा घाट त्यानं खिडकीला नाक लावून बघितला. वर टेबललँडवर पोचल्यावर त्यानं माझ्या काखेतली कुबडी काढून घेतली. “हितं कोण वळखतंय तुला? चाल मोकळा.”

मी चाललो. लंगडत, पण दोन्ही हात मोकळे सोडून. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, तोंडावर वारा येत होता. दादा मागून कुदळ घ्यावी तशी कुबडी खांद्यावर टाकून येत होता आणि म्हणत होता, “पळतोस का काय आता?” मी हसलो. उघड्यावर इतका मोठ्यानं मी त्याआधी कधी हसलो होतो, आठवत नाही.

“काय फौजी! कुबडीला पाय फुटलं जणू?”

वहिनीचा चुलतभाऊ. आटपाडीचा, डाळिंबाचा टेम्पो घेऊन एका हॉटेलात आलेला. दादानं घाईनं कुबडी माझ्या हातात कोंबली. “आवं पाव्हणं, जरा ताण देत हुता पायाला. डाक्टरनंच सांगितलंय.”

“ताण द्या की मग. आमी न्हाई कुणाला सांगत,” म्हणून तो हसला आणि निघून गेला.

त्याच्या त्या हसण्याची धास्ती घेऊन मी पुढं वर्षभर जगलो. लग्नकार्यं टाळली. आटपाडीकडं तर फिरकलोच नाही. कुणीतरी अर्ज करील, पुन्हा बोर्ड बसेल, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर राहील, हेच डोक्यात. दादा एकदा म्हणाला, “औंदा दाखला दिला की महाबळेश्वर.” मी त्याच्यावर खेकसलो, “तुझ्यामुळंच झालं सगळं.” त्या वर्षी दाखल्याला मी बायकोला नेलं. दादानं सदरा इस्त्री करून ठेवला होता, हे वहिनीनं नंतर सांगितलं.

पुढं दोनच महिन्यांनी त्याच्या छातीत दुखायला लागलं. सांगलीला दवाखान्यात नेला. चार दिवस होता. वहिनीचा फोन यायचा, “भावजी, आठवण काढत्यात. येऊन जावा की.”

मी म्हणायचो, “सोबतीचाच माणूस खाटंवर हाय वहिनी, मी कुणाबरोबर येऊ?”

बायको म्हणाली, “मी येते की.” मी मुलीच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे दवाखान्यात वहिनीचं सगळं माहेर होतं. तो आटपाडीचा पाहुणा तिथंच डबे पोचवत होता. त्याच्यासमोर जिना कसा चढायचा, कुबडीवर किती भार टाकायचा, याचा विचार करत मी चार दिवस घरी बसलो. दादाचा विचार त्यानंतर यायचा.

पाचव्या दिवशी त्याला गाडीतून घरी आणलं.

आमच्याकडं स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला तिरडी टेकवतात आणि तिथं खांदेकरी बदलतात. तिरडी टेकली तशी भावकीतले एक म्हातारे ओरडले, “भाऊ कुठाय? भावाचा खांदा लागू द्या रं!”

सगळे माझ्याकडं वळले. त्या दिवशी पाय चांगला होता. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. घरापासून तिथवर चाललो तरी एक कळ आली नव्हती. चिता तिथून पन्नास पावलांवर होती आणि तेवढं मी त्याला नेऊ शकलो असतो. मी मान वर केली, तर समोर आटपाडीचा पाहुणा. मी कुबडीवर वजन टाकलं आणि पाय उचलून धरला, ठणकताना धरतो तसा.

म्हातारे म्हणाले, “नुसता हात तरी लाव.”

तेव्हा पाहुणाच पुढं झाला. “आवं, त्यास्नी कुठं जमतंय? पडतील बिचारं. सरा, मी धरतो.” आणि माझ्या जागेवर, दादाच्या डोक्याकडं, त्यानं खांदा दिला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाचगणीचं त्याला आठवत होतं की नव्हतं, मला कधी कळणार नाही. त्यानं मला सांभाळून घेतलं, एवढं कळलं. मी मागून चालत राहिलो, सगळ्यात शेवटी.

यंदा दाखल्याला साताऱ्याला एकटाच गेलो. ऑफिसातल्या बाबूनं फाईल चाळली. भीतीच उरली नव्हती, म्हणून असेल, मी विचारलं, “आता परत बोर्ड कवा?”

“कसला बोर्ड? तुमचं कायम झालंय की. शेवटच्या पत्रातच लिहिलंय, हयातभर. वाचलं नाही?”

“आणि पाय सुधारला तर?”

“सुधारला तर चांगलंच की हो,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन ट्रंक उघडली. कागद होता तसाच होता. दादा मला पाचगणीला घेऊन गेला, त्याच्या कितीतरी आधीचा.

आता कुबडी टाकायला हरकत नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही ती रात्र सरेपर्यंत वाटलं. सकाळी दारातून बाहेर पाऊल टाकताना समोरून वहिनी पाण्याची घागर घेऊन येत होती. मी हात मागं नेला आणि कुबडी काखेत घेतली. मी मोकळा चाललो, तर त्या दिवशीही चालू शकत होतो, हे तिला कळेल. पेन्शन कुणी काढून घेणार नाही. कुबडी आता विसाव्यावरच्या त्या पन्नास पावलांसाठी आहे, आणि ती मरेपर्यंत वागवावी लागणार.

हल्ली पाय खरोखरच वाळत चाललाय. न वापरल्यानं होतं तसं, म्हणतात.

एसटीत चढलो की कंडक्टर विचारतो, “सोबतीला कोण?” मी एकाचेच पैसे पुढं करतो. तो एकच तिकीट फाडून देतो.