चष्मा सुटायचं वय
वाळत्या बोंबलांचा वास आला की चिंचणीच्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. मी अठरा वर्षांची होते. लग्नाआधी पोरीचा चष्मा सुटेल, असा शब्द बाबांनी पाम गावच्या स्थळाला दिला होता, म्हणून ते मला मुंबईला लेसरवाल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "वय लहान आहे, नंबर अजून वाढतोय. तो थांबेपर्यंत लेसर नाही." परतल्यावर अंगणात शिरताच त्यांनी माझा चष्मा ओढून दगडावर फोडला आणि बोंबलांच्या मांडवाचा बांबू उपसून "वय नाय झालं म्हणे!" असं ओरडत मला झोडपायला सुरुवात केली. बांबू मला दिसतच नव्हता, अंगावर पडला की कळायचा. आई मध्ये घुसली. "तिचं वय नाय झालं, त्यात पोरीचा काय गुन्हा?" पुढचा फटका तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या हाताने तिने कोयता उचलला. "आता मार," ती म्हणाली. बाबांनी बांबू टाकला. स्थळ मोडलं. काही वर्षांनी नंबर थांबला, तेव्हा आईने विचारलं, "करायचं काय लेसर?" मी नको म्हटलं. तिचा तो हात आजही वाकडाच आहे.