मी मरियमचा देश बदलला

“आईंना ताटापासून लांब बसव गं. सवाष्णींचं आहे ना.”

दुबईत, करामातल्या हॉलमध्ये, जमलेल्या सगळ्या बायकांसमोर, मॅडम हसत म्हणाल्या. मॅडम म्हणजे देरातल्या आमच्या ट्रेडिंग कंपनीच्या मालकीणबाई. महिला मंडळाच्या अध्यक्षाही त्याच. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीचा. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. मीच तिला हौसेनं हळदीकुंकवाला नेलं.

मी उठले. आईची खुर्ची उचलली, कोपऱ्यात मेंदीच्या टेबलाशी ठेवली. माझ्याच हातांनी.

“वाटलं होतं दुबईत तरी सुटेन,” आई हळू म्हणाली. “अपशकुनाला व्हिसा लागत नाही वाटतं.”

मेंदी काढत होती मरियम. करामातल्या क्लिनिकमधली नर्स, माझी मैत्रीण. ती सहरावी. तिचा देश पश्चिम सहारा. त्याचा मोरोक्कोनं ताबा घेतला आणि तिचे लोक अल्जीरियाच्या वाळवंटात छावण्यांत राहिले. ती तंबूत जन्मली. पुरुष लढाईवर होते तेव्हा छावणी बायकांनी चालवली. शाळा, दवाखाना, रेशन, प्रत्येकाची समिती. रेशन समितीची प्रमुख मरियमची आई. विधवा. मेंदीच्या बदल्यात मरियमनं पैसे मागितले नव्हते. आपल्या लोकांबद्दल सांगायला माईकवर दोन मिनिटं मागितली होती. मी शब्द दिला होता. तसं मॅडमना विचारलं.

“अजिबात नाही,” मॅडम म्हणाल्या. “पॉलिटिक्स नको. आपण परक्या देशात आहोत. मोरोक्कोची आहे म्हण, खलास. असली पत्रकबाजी तुमच्या घरी चालत असेल.”

चालायची. बाबा युनियनची पत्रकं आणायचे, आई घड्या घालायची. मी अक्षरं त्यांवरच शिकले. ‘जाहीर निषेध’ हे मी पाटीवर लिहिलेले पहिले दोन शब्द.

मी माईक घेतला. “या मरियम. मोरोक्कोच्या. मेंदी फार सुंदर काढतात.”

तिला मराठी येत नाही. त्यातले दोनच शब्द तिला कळले. तिचं नाव आणि त्या देशाचं. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या बाईच्या तळव्यावरचं अर्धं पान पूर्ण केलं.

टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये माफी मागायला गेले. व्हिसाचं सांगितलं, रडलेसुद्धा. तिनं पाणी दिलं.

“मला एकटीला कशाला सांगतेस?” ती इंग्रजीत म्हणाली. “आमच्या समितीत अशी माफी नसते. सगळ्यांची चूक केली तर सगळ्यांसमोर उभं राहायचं. मी लहानपणी आजारी पडले तेव्हा आईनं आमच्या तंबूला जास्त पीठ घेतलं. कुणालाच कळलं नव्हतं. तिनं स्वतः सभेत उभं राहून सांगितलं.”

“मग?”

“मग काय? पीठ परत गेलं. महिनाभर आम्ही कमी खाल्लं.”

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. आईची तर मी माफीसुद्धा मागितली नव्हती. तिचा अपमान मला सवयीचा वाटला होता.

आईला म्हणाले, “रविवारी मंडळाची बैठक आहे. मी बोलणार आहे. येशील?”

“येते,” आई म्हणाली. “पण तिथं रडायचं नाही.”

मग मॅडमकडे गेले. बैठकीत बोलायला पाच मिनिटं मागितली.

“कशाला?”

“त्या दिवशी मी खोटं बोलले, ते सांगायला.”

“व्हिसा कुणाचा आहे, माहितीये ना?”

“माहितीये.”

त्यांनी समोरची फाईल ओढली. होही नाही, नाहीही नाही.

मी गप्प राहिले ते त्यांच्या भीतीनं, असं स्वतःला सांगून झालं. पण खुर्ची उचलणारे हात माझे होते, माईकवरचा आवाज माझा होता. ते मी स्वतःचं नाव घेऊन सांगणार. मरियमचा देश कोणता, तेही. माईक मिळो न मिळो. सोमवारी नोकरी असो नसो. जी बाई मध्येच उठून जाईल, तिला जिना उतरतानाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.