चांदीचा मुलामा असलेलं कॉर्नेट

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी विसरलो. एक मात्र इतक्या वर्षांनंतरही पुसलं जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक वाद्य चोरीला गेलं होतं, एवढंच.

तेव्हा मी हिंदी मुलखात, होशंगाबाद रोडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन नुकताच खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात बाग सेवनियात राहणारे एक निवृत्त इंजिनियर आत आले. ओळखीचेच होते. मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही शेजारी बसायचो. त्यांना जुनी पितळी वाद्यं जमवण्याचा नाद होता. घराची बैठक ट्रम्पेट, बिगुल, युफोनियम यांनी भरलेली. वाद्य जुनं कसं ओळखायचं हे ते तासभर सांगू शकत. पुढच्या फुललेल्या तोंडावर कारागिराचा ठसा असतो, बोटांनी दाबायच्या मधल्या खटक्याच्या नळीवर नंबर असतो. सगळीकडे सारखीच चकाकी असेल तर समजा, कोणीतरी नवा मुलामा चढवलाय. खरं जुनं वाद्य बोटं लागतात तिथे झिजलेलं असतं.

"साहेब, माझं सगळ्यात चांगलं कॉर्नेट गेलं," ते म्हणाले. "ट्रम्पेटपेक्षा आखूड असतं ते. चांदीचा मुलामा, तीन खटके. कपाटातून उचललंय."

"कोणावर संशय?"

"जुन्या शहरातला एक बँडवाला म्हातारा. मधून मधून घरी यायचा. परवा दुपारी मी बिट्टन मार्केटला गेलो होतो, तेव्हा येऊन गेला. बायकोने पाणी दिलं त्याला."

मी चहा मागवला आणि एफआयआर लिहून घेतला. माणूस आपला, शिकलेला, बोलणं मुद्देसूद. वस्तू त्यांचीच होती याचा पुरावा मी मागितला नाही. दुसऱ्या कोणाला मी तो पहिल्याच मिनिटाला मागितला असता.

खबर दुसऱ्याच दिवशी मिळाली. जुन्या शहरात, बुधवाऱ्यातला एक चहावाला आमचा खबरी होता. फोनवर म्हणाला, "साहब, बड़े मियाँ दो दिन से सुबह छत पे बजा रहे हैं। बाजा दूसरा है। आवाज़ ही अलग है।" चोरीचा माल गच्चीवर उभं राहून कोण वाजवतं, हा प्रश्न तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवा होता. मी गाडी काढली.

सत्तरीच्या आसपासचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, लग्नाच्या बँडचा मास्टर. कॉर्नेट रजईत गुंडाळून पेटीत ठेवलेलं. लपवायचा प्रयत्न नाही, पळायचा नाही. जप्तीचा पंचनामा होईपर्यंत तो आपलं वाद्य शिपाई नीट धरतोय का, तेवढंच बघत होता.

ठाण्यात मी विचारलं, "चोरी क्यों की?"

"चोरी नहीं की, साहब। अपनी चीज़ उठाई है।"

त्याने सांगितलं ते असं. कॉर्नेट त्याच्या आजोबांचं. आजोबा संस्थानच्या बँडमध्ये होते. खटके अडकायला लागले, तेव्हा या इंजिनियरसाहेबांनी मेरठहून दुरुस्त करून आणतो म्हणून ते नेलं. वर्ष होत आलं. विचारायला गेलं की आज नाही, पुढच्या महिन्यात. तीन दिवसांपूर्वी गेला तर कॉर्नेट काचेच्या कपाटात, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. काढून बघितलं तर खटके अगदी मोकळे चालत होते. म्हणजे दुरुस्ती केव्हाच झाली होती. कोटाखाली धरलं आणि निघून आला.

"कोई काग़ज़ है?"

"दादा के बाजे का काग़ज़ कौन रखता है, साहब?"

मी वैतागलो. त्याच दिवशी मंत्र्यांचा बंदोबस्त होता, वरून फोनवर फोन येत होते. मी हेड कॉन्स्टेबलला म्हणालो, "इसे ज़रा समझा दो," आणि माझ्या खोलीत गेलो. आमच्या खात्यात या वाक्याचा अर्थ नव्या शिपायालाही कळतो. मला तर कळतच होता. मधे फक्त एक भिंत होती. मी फोनवर मोठ्याने बोलत राहिलो.

अर्ध्या तासाने कबुलीजबाब टेबलावर आला. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, तरी बघून बरं वाटलं. म्हाताऱ्याने तोंडावर रुमाल धरला होता. वरचे पुढचे दोन दात तुटले होते. रोजनामच्यात मी लिहिलं, "आरोपी पाय घसरून पडला." डॉक्टरांनीही तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकीचे कागद आणायला मी बाग सेवनियात गेलो. इंजिनियरसाहेब खुशीत होते. प्रत्येक वाद्याचं त्यांनी एक कार्ड केलं होतं. कोणत्या कारखान्याचं, नंबर काय, कोणाकोणाच्या हातातून आलं. "पूर्वीचा मालक माहीत नसेल तर वाद्य म्हणजे नुसतं पितळ," ते म्हणाले. कार्डांची पेटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि दूधवाला आला म्हणून बाहेर गेले.

कॉर्नेटचं कार्ड मी शोधलं. सुंदर, गोल अक्षर. ठसा, नंबर, संस्थानी बँड, आजोबांचं नाव, मग नातवाचं. खाली लिहिलं होतं: "दुरुस्तीसाठी दिले. दुरुस्ती पूर्ण. परत करू नये, वरातीत खराब होईल."

ते आत आले तेव्हा कार्ड माझ्या हातात होतं.

"हे काय आहे?"

त्यांना लाज वाटली नाही. उलट ते समजावू लागले. "अहो, ती माणसं पावसात वाजवतात, धुळीत आपटतात. मी ते वाचवलंय."

"मग हे लिहून कशाला ठेवलंत?"

"खोटी नोंद करू? मग संग्रहाला अर्थ काय राहिला?"

खोटी नोंद मीही आदल्याच दिवशी केली होती. त्यांच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. मी कार्ड जप्त केलं.

पुढचं कागदोपत्री सोपं होतं. गुन्हा खोटा म्हणून अहवाल गेला, म्हातारा सुटला, कोर्टाने कॉर्नेट त्याला द्यायला सांगितलं. तो ठाण्यात घ्यायला आला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "बड़े मियाँ, आप इंजीनियर के ख़िलाफ़ शिकायत दीजिए। मैं ख़ुद लिखूँगा।"

तो जेमतेम हसला. "लिखूँगा तो पूरी लिखूँगा, साहब। दाँत वाली भी। आप लिखोगे?"

मी हो म्हणायला हवं होतं. मी पेपरवेट इकडून तिकडे सरकवला.

त्याने कॉर्नेट उचललं, रुमालाने पुसलं आणि ओठांना लावलं. पितळी वाद्य वाजवताना ओठ दातांच्या आधाराने घट्ट धरावे लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. नुसती हवा निघाली. त्याने ओठ आवळून पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं की कसलं, सांगता येत नाही. बाहेरच्या व्हरांड्यात मुन्शीने टायपिंग थांबवलं होतं.

"हवा निकल जाती है," तो म्हणाला. मग वाद्य हळूच माझ्या टेबलावर ठेवलं. "उन्हीं को दे दो। वहाँ चमकता तो रहेगा।"

पुढच्या आठवड्यात मी स्वतः ते बुधवाऱ्यात नेऊन दिलं. सुनेने दारातूनच घेतलं. नव्या दातांचा खर्च मी करतो म्हटलं, तर तिने आत जाऊन विचारलं आणि येऊन सांगितलं, "मना कर रहे हैं।" बँड पुढे दुसऱ्याने चालवायला घेतला असं कळलं.

इंजिनियरसाहेबांचं काही वाकडं झालं नाही. तक्रारच नव्हती. नंतर त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन झालं, मराठी मंडळात सत्कार झाला. मी गेलो नाही, पण उघडपणे काही बोललोही नाही. बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

लोक विचारतात, इतक्या नोकरीत काय शिकलात? माणसं ओळखायला शिकलो, असं मी सांगत असे. आता सांगत नाही. त्या म्हाताऱ्याने खरं काय ते पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण तो फाटक्या कोटातला होता, आणि दुसरा माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होता. हेड कॉन्स्टेबलने हात उचलला हे खरं, पण म्हाताऱ्याला त्याच्या हवाली करून दार मी ओढून घेतलं होतं. निवृत्तीच्या दिवशी माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी सांगितलं की यांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा राहिलो.