वडिलांची फुली

२३ जून २०१६. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, यावर त्या दिवशी युनायटेड किंग्डममध्ये सार्वमत झाले. कॉव्हेंट्रीतल्या एका चर्चच्या सभागृहात नीना दोन मतपत्रिका घेऊन उभी होती. एक तिची, दुसरी वडिलांची.

वडील, शशिधर, बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या वतीने मत टाकण्याचा अधिकार, म्हणजे प्रॉक्सी, लेकीला दिला. तोही महिनोन्‌महिने दर रविवारी तिच्याशी कडाडून भांडून झाल्यावर.

“बाबा, आत राहून ब्रिटननं लीड घेतली तरच युरोप सुधारेल,” ती म्हणायची.

“त्रेचाळीस वर्षं आतच होतो ना? तेव्हा लीड घ्यायला कुणी हात धरले होते?” एकतीस वर्षे गिअरच्या कारखान्यात मापे तपासलेला माणूस तो. “साचाच चुकलाय. एकेक दात घासत बसून काय होणार?”

“मग प्रॉक्सी नंदूला करा ना. तो तुमच्याच पार्टीतला.”

“तुझा भाऊ विसरेल. तू भांडशील, पण टाकशील. लीव्हवर, बाहेर पडण्यावर फुली. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” ती चरफडत म्हणाली होती.

आडोशामागे तिने स्वतःची फुली झटकन केली. दुसऱ्या कागदावर मात्र हात चालेना. आपलेच मत आपल्याच हाताने खोडायचे! वडिलांना कळणार नव्हते. कुणालाच कळणार नव्हते. पेन्सिल टेकवून तिने दोनदा उचलली. मागे कुणीतरी खाकरले. तिने लीव्हसमोर फुली केली, इतकी दाबून की टोक मोडले.

ती फाटकापर्यंत पोहोचते तोच नागपूरहून फोन आला.

“टाकलंस?”

“टाकलं.”

“बरं झालं. ऐक, मी इथं बसून खूप विचार केला. तुझंच बरोबर होतं गं. राहायला हवं.”



“यमुनाआत्या कशी आहे?” एवढेच तिने विचारले.

परतल्यावर शशिधरांनी तो विषय काढला नाही. तिनेही नाही. २०१९ मध्ये ते गेले. मतपत्रिका त्याआधीच नियमानुसार नष्ट झाल्या होत्या. त्यांचे मत खरोखर बदलले होते, की लेकीने शब्द मोडलाच असेल असे गृहीत धरून त्यांनी तिला अपराधीपणातून मोकळे केले होते, हे नीनाला अजूनही माहीत नाही.